युद्धाच्या छायेतल्या देशात जाताना सरकारी सल्ला कसा वाचायचा? (इस्रायल, युक्रेन, सुदान : अनुभव आणि माहिती हवी)

वृंदा_डोंबिवली | 9 ऑगस्ट 2025

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला इस्रायलमधल्या बेन गुरियन विद्यापीठात कोरडवाहू शेतीवर संशोधन करायची संधी मिळाली आहे. काम मुख्यतः नेगेव्ह वाळवंटातल्या स्दे बोकरच्या परिसरात, पण बीरशेवालाही नियमित जावं लागणार. ऑक्टोबरअखेर रुजू व्हायचं आहे. पोरीने यासाठी जीव तोडून मेहनत केली आहे, आणि घरात आता रोज रात्री एकच विषय चालतो.

भाऊजींचं म्हणणं, "आपल्या सरकारने बंदी घातलेली नाही ना? मग जाऊ दे." ताई रोज बातम्या बघते आणि रडते. भाची म्हणते, "मावशी, तू वाच आणि सांग." म्हणून गेले काही दिवस मिळेल ते वाचते आहे. जे कळलं ते इथे मांडते. चुकत असेल तर दुरुस्त करा, आणि ज्यांनी हे प्रत्यक्ष भोगलं आहे त्यांनी कृपया लिहा.

पहिली गोष्ट : अमेरिकेचं परराष्ट्र खातं प्रत्येक देशाला 1 ते 4 अशी पातळी देतं. 3 म्हणजे जाण्याचा फेरविचार करा, 4 म्हणजे जाऊ नका. ब्रिटन नकाशा रंगवतं. एका रंगाच्या भागात अजिबात जाऊ नका, दुसऱ्या रंगाच्या भागात अत्यावश्यक असेल तरच जा. त्यामुळे एकाच देशात दोन गावांना दोन वेगळे सल्ले असू शकतात. आपल्याकडे अशा कायमच्या पातळ्या नाहीत. परराष्ट्र मंत्रालय आणि तिथला दूतावास प्रसंगानुसार सूचना काढतात. उदाहरणार्थ, 12 एप्रिल 2024 ला मंत्रालयाने सांगितलं की पुढची सूचना मिळेपर्यंत इराण आणि इस्रायलला जाऊ नका. दुसऱ्याच रात्री इराणने इस्रायलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला केला. म्हणजे ती सूचना उगाच काढलेली नव्हती.

दुसरी गोष्ट : सल्ला वेगळा आणि बंदी वेगळी. येमेनच्या बाबतीत भारत सरकारने 2017 मध्ये प्रवासावर बंदीच घातली. तिथे जायचं तर सरकारची खास परवानगी लागते आणि नियम मोडला तर पासपोर्टवर गदा येते. इस्रायलचं तसं नाही. पण "बंदी नाही म्हणजे धोका नाही" हे भाऊजींचं गणित मला पटत नाही. बंदी नसते तेव्हा निर्णयाची सगळी जबाबदारी आपल्यावर येते, एवढंच.

मला विचारायचंय ते असं. सूचना निघाल्यावर माणसाने नेमकं काय करायचं असतं? आणि कोणत्या टप्प्यावर सामान उचलून निघायचं, हे कसं ठरवायचं?

---

पाऊलखुणा | 9 ऑगस्ट

वाचतेय. फार गरजेचा धागा. आमच्या ओळखीतलीही दोन मुलं तिकडे आहेत.

---

डॉ_लातूर | 9 ऑगस्ट

वृंदाताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला लिहिलंच पाहिजे. फेब्रुवारी 2022 मध्ये मी युक्रेनमधल्या खारकीव्हला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो.

आधी तारखा सांगतो. 15 फेब्रुवारीला कीव्हच्या आपल्या दूतावासाने पहिली सूचना काढली : ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. 20 तारखेला तीच सूचना अधिक ठामपणे आली. 22 ला तर स्पष्टच लिहिलं होतं की ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहू नका, निघा. 24 च्या पहाटे रशियाने हल्ला केला आणि युक्रेनचं आकाश बंद झालं. दिल्लीहून आम्हाला न्यायला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं.

पहिल्या सूचनेपासून आकाश बंद होईपर्यंत नऊ दिवस होते. आम्ही हजारो मुलं त्या काळात का निघालो नाही, हा प्रश्न नंतर टीव्हीवर फार रागाने विचारला गेला. कारणं साधी होती. वर्ग चालू होते आणि हजेरी चुकली तर आमच्या विद्यापीठात दंड भरून तास भरून काढावे लागायचे. तिकिटाचे दर रोज चढत होते. बाबांनी माझ्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकलं होतं. "अजून थोडं थांबू, काही होणार नाही" असं स्थानिक लोक सांगत होते आणि ते सांगणारे शिकले-सवरलेले प्राध्यापक होते. शिवाय पहिल्या सूचनेची भाषा मवाळ होती. "विचार करावा" असं लिहिलेलं वाचून आम्ही विचारच करत बसलो.

त्यानंतरचे दिवस मेट्रो स्टेशनात आणि तळघरात गेले. 1 मार्चला कर्नाटकातला आमचा एक सहाध्यायी, दुकानासमोर सामानासाठी उभा असताना गोळाबारीत गेला. 2 मार्चला दूतावासाची सूचना आली की खारकीव्ह ताबडतोब सोडा. वाहन नसेल तर चालत जा, पण संध्याकाळी 6 च्या आत पेसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदोव्का गाठाच. अंतरं सूचनेतच दिली होती : 11, 12 आणि 16 किलोमीटर. दुपार झालेली होती. बर्फ पडत होता. रेल्वेत आम्हाला चढू देत नव्हते. आम्ही पेसोचिनला चालत गेलो.

आता बघा, 15 तारखेची सूचना आणि 2 मार्चची सूचना, दोन्ही एकाच दूतावासाच्या. पहिली पाळायला एक तिकीट आणि थोडं मन घट्ट करणं पुरेसं होतं. दुसरी पाळायला गोळाबारीतून चालावं लागलं. म्हणून माझं उत्तर एकच आहे. "तात्पुरते निघा" असे शब्द पहिल्यांदा दिसले की निघायचं. दुसऱ्या सूचनेची वाट बघायची नाही. सत्र बुडालं तर पुढच्या वर्षी होतं.

भाचीला सांगा, जायच्या आधीच तिच्या मार्गदर्शकांना लेखी विचारायचं : दूतावासाने निघायला सांगितलं तर मी घरून काम करू शकेन का, शिष्यवृत्ती चालू राहील का? हे उत्तर हातात असेल तर त्या दिवशी निर्णय घेणं सोपं जातं. आमच्या हातात ते नव्हतं.

---

वृंदा_डोंबिवली | 9 ऑगस्ट

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद ताई-भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवला. भाऊजी गप्प बसले. लेखी विचारण्याचा मुद्दा भाचीने लगेच टिपून घेतला. मनापासून आभार.

---

सह्यकडा | 10 ऑगस्ट

थोडं वेगळं मत मांडतो. प्रत्येक सूचनेवर पळून यायचं ठरवलं तर इस्रायलसारख्या देशात कुणी शिकूच शकणार नाही. तिथे गेल्या दोन वर्षांत सूचनांमागून सूचना आल्या आहेत. शिवाय सरकारं स्वतःवर दोष येऊ नये म्हणूनही इशारे देतात. लाखो लोक तिथे रोज कामाला जातात, मुलं शाळेत जातात. सरसकट भीती घालण्यापेक्षा तिथे राहणाऱ्यांचं ऐकावं असं मला वाटतं.

---

डॉ_लातूर | 10 ऑगस्ट

सह्यकडा, तिथल्यांचं ऐका हे बरोबर, पण एक फरक लक्षात घ्या. स्थानिक माणसाकडे घर असतं, भाषा असते, गाडी असते, गावाकडे आजी असते. खारकीव्हमधले आमचे शेजारी हल्ल्यानंतर स्वतःच्या गाडीने पोल्टाव्हाला नातेवाइकांकडे गेले. आम्हाला स्टेशनवर नीट तिकीटही मागता येत नव्हतं. त्यांचा धीर त्यांच्या जागी खरा होता. आम्ही तो उसना घेतला.

बाकी "प्रत्येक सूचनेवर पळा" असं मी म्हणत नाही. सावध राहा, गर्दी टाळा, निवाऱ्याजवळ राहा, या सूचना राहून पाळायच्या असतात. "निघा" ही वेगळी.

---

नेगेव्हकर | 10 ऑगस्ट

मी बीरशेवालाच आहे, बरीच वर्षं. मूळचा सांगलीचा. वृंदाताई, भाचीला आल्यावर माझ्याशी बोलायला सांगा, विपू (खासगी निरोप) करतो.

इथलं रोजचं जगणं ज्या सल्ल्यावर चालतं तो कुठल्याच परराष्ट्र खात्याचा नाही. तो इस्रायलच्या होम फ्रंट कमांडचा. नागरिकांच्या संरक्षणासाठीची ही लष्करी शाखा. त्यांचं मोबाइल अ‍ॅप हिब्रूबरोबर इंग्रजीतही आहे. विमानतळावर उतरल्या उतरल्या ते घ्यायचं, आपलं ठिकाण चालू ठेवायचं आणि फोनचा आवाज कधी बंद करायचा नाही. आपला दूतावाससुद्धा प्रत्येक सूचनेत हेच लिहितो की होम फ्रंट कमांडचे नियम पाळा.

सायरन वाजल्यापासून निवाऱ्यात पोहोचायला किती वेळ मिळतो हे गावानुसार ठरलेलं आहे. गाझाच्या कुंपणालगत 15 सेकंद. अश्कलोन 30, अश्दोद 45, बीरशेवा 60, तेल अवीव 90. हे आकडे गाझातून येणाऱ्या रॉकेटसाठी. इराणहून येणाऱ्या क्षेपणास्त्राला जास्त वेळ लागतो, म्हणून जूनमधल्या इराणबरोबरच्या युद्धात सायरनच्या काही मिनिटं आधीच फोनवर पूर्वसूचना यायची. बाहेर पडण्याचा नियमही वेगळा. रॉकेटच्या वेळी साधारण दहा मिनिटं आत थांबायचं, इराणी हल्ल्यात मात्र अधिकृत संदेश येईपर्यंत दार उघडायचं नाही. स्दे बोकरसाठी किती वेळ आहे ते अ‍ॅपमध्ये परिसराचं नाव टाकून भाचीने स्वतः बघावं, पाठ करावं.

खोली भाड्याने घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा : घरात ममाद आहे का? ममाद म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार आणि पोलादी झडपेची खिडकी असलेली खोली. 1991 च्या आखाती युद्धात इराकने इथे स्कड क्षेपणास्त्रं टाकली, त्यानंतर 1992 पासून नव्या घरांना ती सक्तीची झाली. जुन्या इमारतींत ती नसते. तिथे मिक्लात असतो, म्हणजे इमारतीचा किंवा वस्तीचा सामायिक निवारा. तो असेल तर घड्याळ लावून एकदा स्वतः धावून बघायचं. तिसऱ्या मजल्यावरून उतरून कोपऱ्यावरच्या मिक्लातमध्ये 60 सेकंदांत पोहोचता येत नसेल तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळत असेल तर तिथला निवारा कुठे आहे हे फोटोसकट मागवून घ्या.

काहीच नसेल तर इमारतीच्या आतला जिना. खिडक्यांपासून लांब, सगळ्यात वरचा मजला नाही, डोक्यावर दोन मजले असतील असं बघायचं. रस्त्यावर असाल तर जवळच्या इमारतीत शिरायचं. मोकळ्या रानात असाल, आणि तुमच्या भाचीचं काम तर शेतातलंच, तर जमिनीवर पालथं पडून दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. गाडीत असाल तर बाजूला थांबवून बाहेर पडायचं. व्हिडिओ काढायला उभं राहायचं नाही. आकाशात क्षेपणास्त्र फोडलं तरी त्याचे तुकडे खाली पडतातच.

नंबर : पोलीस 100, रुग्णवाहिका 101, अग्निशमन 102, होम फ्रंट कमांड 104.

---

वृंदा_डोंबिवली | 10 ऑगस्ट

नेगेव्हकर, एक खरं खरं सांगाल? जूनमध्ये तिथे प्रत्यक्ष काय झालं? बातम्यांत दिसलेल्यापैकी किती खरं?

---

नेगेव्हकर | 11 ऑगस्ट

सांगतो. गोड करून सांगणार नाही.

13 जून 2025 ला इराणबरोबर युद्ध सुरू झालं, 24 ला थांबलं. 15 तारखेला रेहोवोतच्या वाइझमन संस्थेवर क्षेपणास्त्र पडलं. तिथे अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगशाळा जळाल्या. 19 ला आमच्या बीरशेवाच्या सोरोका रुग्णालयावर पडलं. त्या विभागातले रुग्ण आधीच हलवले होते म्हणून मोठा अनर्थ टळला. आणि 24 च्या सकाळी, युद्धविराम लागू होण्याच्या सुमारास, बीरशेवातल्या एका राहत्या इमारतीवर थेट आघात झाला आणि चार माणसं गेली.

ममाद जीव वाचवतो, फार मोठ्या प्रमाणावर वाचवतो. छर्‍यांपासून, स्फोटाच्या धक्क्यापासून. मोठ्या क्षेपणास्त्राचा थेट आघात झाला तर तोही पुरत नाही. हे ताईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण भाचीला माहीत हवं.

---

अष्टागरकर | 11 ऑगस्ट

अलिबागच्या इस्रायल आळीत, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंच्या वस्तीत, आमचं घर होतं. आजोबांची भावंडं पन्नास-साठच्या दशकात तिकडे गेली, आता दिमोना आणि अश्दोदला पसारा आहे. दिमोना तर स्दे बोकरपासून फार लांब नाही. तिथे आजही घराघरात मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतील. भाचीला शुक्रवारी रात्री मासळीचं कालवण हवं असेल तर मला कळवा, माझी आत्या तिला स्वतः घ्यायला येईल.

आत्याचा एक सल्ला मात्र नोंदवतो. ती म्हणते, परक्या पोरांनी सीमेजवळचं काम पैसे जास्त मिळतात म्हणून घेऊ नये. मार्च 2024 मध्ये लेबनॉनच्या सीमेवरच्या मारगालियोतला फळबागेत काम करणारा केरळचा एक जण क्षेपणास्त्राने गेला, दोघे जखमी झाले. दुसऱ्या दिवशी आपल्या दूतावासाने सूचना काढली की उत्तर आणि दक्षिण सीमाभागातल्या भारतीयांनी सुरक्षित ठिकाणी जावं. त्या पोरांना शेत सोडून जायचं तर मालकाची परवानगी, व्हिसा, पगार सगळंच आडवं येतं. तुमच्या भाचीला निदान ती अडचण नाही. पण क्षेत्रकामाला कुठे पाठवणार हे तिने आधी विचारावं. गाझाच्या बाजूची शेतं असतील तर नकार देता येईल का, तेही.

---

मुक्काम_नाशिक | 11 ऑगस्ट

विमा क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं लिहितो. हा भाग लोक वाचत नाहीत आणि नंतर पस्तावतात.

आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विमा पॉलिसींमध्ये युद्ध आणि युद्धसदृश परिस्थितीतून झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे पाय मुरगळला तर भरपाई आहे, क्षेपणास्त्राच्या तुकड्याने जखम झाली तर नाही. काही पॉलिसींत दहशतवादी हल्ला धरलेला असतो, युद्ध नसतं. शिवाय सरकारने "जाऊ नका" म्हटलेल्या ठिकाणी गेल्यास दावा नाकारण्याची अटही असू शकते. ब्रिटनचं परराष्ट्र खातं तर हे आपल्या पानावर स्वच्छ लिहितं की आमच्या सल्ल्याविरुद्ध गेलात तर तुमचा विमा रद्दबातल होऊ शकतो. त्यामुळे पॉलिसी घेताना "वगळलेल्या गोष्टी" हे पान आधी वाचा आणि कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

इस्रायलपुरती एक दिलासा देणारी बाब. कायदेशीर मार्गाने देशात आलेला परदेशी माणूस शत्रूच्या हल्ल्यात जखमी झाला तर तिथल्या राष्ट्रीय विमा संस्थेच्या कायद्यात त्यालाही मदतीची तरतूद आहे. "कायदेशीर मार्गाने" हे महत्त्वाचं. व्हिसाची मुदत संपू देऊ नका.

आणि ज्यांची मुलं कामगार म्हणून आखाती किंवा इतर देशांत जात आहेत त्यांच्यासाठी : एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी मंजुरी) लागणाऱ्या पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं संरक्षण. एजंट पर्यटक व्हिसावर पाठवतो तेव्हा हे संरक्षणही जातं, बाहेर जाणाऱ्या कामगारांच्या सरकारी इ-मायग्रेट पोर्टलवर नोंदही होत नाही आणि संकटात सरकारला तुम्ही तिथे आहात हेच कळत नाही. हे मी कळकळीने सांगतो आहे. अशी कुटुंबं ऑफिसात बसून रडताना बघितली आहेत.

---

पाऊलखुणा | 12 ऑगस्ट

पण शेवटी सरकार विमान पाठवतंच ना? ऑपरेशन गंगा (युक्रेन, 2022), अजय (इस्रायल, 2023), सिंधु (इराण-इस्रायल, जून 2025)... प्रत्येक वेळी आपली माणसं आणलीच की.

---

रत्नाकर_सातारा | 12 ऑगस्ट

आणली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ती कशी आणली हे नीट बघा.

ऑक्टोबर 2023 ला ऑपरेशन अजयमध्ये तेल अवीवचं विमानतळ चालू होतं. विमान थेट तिथे उतरलं, 212 जणांची पहिली तुकडी 13 तारखेला दिल्लीला आली. जून 2025 ला तेच विमानतळ बंद. मग लोकांना बसने सीमेवर नेलं, जॉर्डन किंवा इजिप्तमध्ये पायी ओलांडायला लावलं आणि अम्मान, शर्म अल शेखहून विमानं निघाली. इस्रायलमधून अशी सुमारे 800 माणसं आली, पण युद्ध सुरू झाल्यावर दहाएक दिवसांनी. तोपर्यंत प्रत्येकाला निवाऱ्यातच राहावं लागलं.

युक्रेनमध्ये तर देशाच्या आतून विमान निघूच शकत नव्हतं. रुमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकियाची सीमा स्वतः गाठायची आणि मग विमान. पहिलं विमान 26 फेब्रुवारीला बुखारेस्टहून मुंबईला आलं, 219 जण घेऊन. सुमी शहरातली मुलं 8 मार्चपर्यंत अडकली होती. पुढे दूतावासही काही काळ कीव्ह सोडून वॉर्साला हलला.

सुदानमध्ये एप्रिल 2023 ला उलटं होतं. आमच्या कंपनीची माणसं खार्टूममध्ये होती. दूतावासाने पहिले दिवस सांगितलं : घराबाहेर पडू नका, अन्नपाणी पुरवून वापरा, शेजाऱ्यांची मदत घ्या. कारण लढाई गल्लीत चालू होती, निघणंच जास्त धोक्याचं होतं. मग तात्पुरता युद्धविराम झाल्यावर बसने पोर्ट सुदान, साधारण 850 किलोमीटर, तिथून नौदलाच्या जहाजाने किंवा हवाई दलाच्या विमानाने जेद्दा. एक तुकडी तर खार्टूमजवळच्या वादी सैदनाच्या धावपट्टीवरून रात्री, दिवे नसताना, वायुदलाने उचलली. 121 माणसं होती त्यात. त्या वैमानिकांना त्रिवार वंदन.

सांगायचा मुद्दा : सरकारी विमान ही शेवटची वाट आहे. तिच्यावर बेत आखू नये. घरात आठवडाभराचं कोरडं अन्न आणि पाणी, हातात रोख पैसे, पासपोर्टच्या प्रती कागदावर, औषधं, पॉवर बँक. हे "निघा" आणि "आत थांबा" दोन्ही प्रसंगी लागतं.

आणि नोंदणी! दूतावासाच्या नोंदणी फॉर्ममध्ये इस्रायलचा फोन, राहण्याचा पत्ता, भारतातला संपर्क हे सगळं पोहोचल्या आठवड्यात भरायचं. घर बदललं की पुन्हा भरायचं. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल 2015 पासून आहे, तक्रार किंवा अडचण घरच्यांनाही तिथे नोंदवता येते. ताई-भाऊजींनी ते आत्ताच उघडून बघून ठेवावं.

---

सह्यकडा | 12 ऑगस्ट

रत्नाकरकाका, अजय आणि सिंधुमधला फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्याच देशातून दीड-पावणेदोन वर्षांत बाहेर पडायची वाटच बदलली. मग भाचीने आत्ताच जॉर्डन आणि इजिप्तच्या व्हिसाचे नियमही बघून ठेवावेत. मी एकदा पर्यटक म्हणून गेलो होतो तेव्हाची माहिती : जॉर्डनच्या सीमेवरच्या अ‍ॅलनबी पुलावर जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, तो आधीच हातात लागतो. नियम बदलतात, त्यामुळे जायच्या आधी जॉर्डनच्या दूतावासाकडे खात्री करावी.

---

डॉ_लातूर | 12 ऑगस्ट

सह्यकडा, हे उत्तम सुचवलंत. आमच्याकडे पोलंडच्या सीमेवर शेहिनीला मुलं थंडीत दिवस-दिवस उभी होती. कुठल्या नाक्यावर गर्दी कमी आहे हे कळायला मार्ग नव्हता. म्हणूनच 26 फेब्रुवारीला दूतावासाला सांगावं लागलं की आमच्याशी बोलल्याशिवाय सीमेकडे निघू नका. ही सूचना मात्र काटेकोर पाळावी. आपल्या मनाने सीमेकडे धावलेल्या मुलांचे फार हाल झाले.

---

वृंदा_डोंबिवली | 14 ऑगस्ट

मंडळी, काल रात्री आम्ही सगळे बसलो. भाचीने तुमचे प्रतिसाद छापून आणले होते.

ठरलं ते असं. ती जाणार, पण चार अटींवर, आणि त्या तिनेच लिहिल्या आहेत. मार्गदर्शकांचं लेखी उत्तर आलं आहे : सूचना निघाली तर विश्लेषणाचं काम भारतातून करता येईल, शिष्यवृत्ती थांबणार नाही. हे आलं नसतं तर ती गेली नसती असं तिनेच सांगितलं. दुसरं, स्दे बोकरला निवारा असलेल्या वसतिगृहातच राहायचं. तिसरं, परतीच्या तिकिटाएवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. भाऊजींनी ते लगेच बाजूला काढले. चौथं, आपल्या दूतावासाने किंवा मंत्रालयाने "निघा" म्हटलं, किंवा जाण्याआधीच "जाऊ नका" म्हटलं, तर त्यावर घरात चर्चा होणार नाही. ती निघेल किंवा जाणार नाही.

ताईचं समाधान झालेलं नाही. आईचं होणारही नाही. पण काल तिने पहिल्यांदा विचारलं की तिकडे थंडी कितपत असते.

विमान कंपनीबद्दल एक शंका. 4 मे ला बेन गुरियन विमानतळाजवळ येमेनच्या हूती बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं तेव्हा एअर इंडियाचं विमान अबुधाबीला वळवलं होतं आणि नंतर त्यांनी उड्डाणं थांबवली. मग थेट विमानापेक्षा दुसऱ्या कंपनीचं, मध्ये थांबा असलेलं तिकीट बरं का?

---

नेगेव्हकर | 14 ऑगस्ट

परदेशी कंपन्या काही घडलं की सेवा बंद करतात आणि कधी सुरू होईल ते सांगत नाहीत. इस्रायली कंपन्या विमानतळ चालू असेपर्यंत उडत राहतात, पण त्यांचे दर त्या दिवसांत आकाशाला भिडतात. तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या, दोन्ही बाजूंच्या प्रवासाचे पैसे परत मिळतील असं असेल तर उत्तम. थांबा असलेल्या शहराचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही पाहा.

आणि एक : शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असतो, बस-रेल्वे जवळजवळ बंद. स्दे बोकरहून विमानतळ लांब आहे. त्यामुळे येतानाचं विमान शुक्रवारी उतरणारं घेऊ नका, आणि टॅक्सीवाल्याचा एक नंबर तिच्याजवळ पहिल्या दिवसापासून असू द्या. बीरशेवाचा माझ्या विश्वासातला एक आहे, विपूमध्ये देतो. तारीख पक्की झाली की कळवा, मी स्टेशनवर येईन.

---

अष्टागरकर | 14 ऑगस्ट

आत्याचा फोन नंबरही विपूत टाकला आहे. ती विचारते आहे, पोरगी मासे खाते ना?

---

वृंदा_डोंबिवली | 14 ऑगस्ट

खाते! आमच्या घरात सगळ्यात जास्त तीच खाते. दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. तारीख ठरली की इथेच लिहिते. आणि कुणाला इस्रायलखेरीज दुसऱ्या देशाबद्दल, विशेषतः लेबनॉन किंवा इराकबद्दल अनुभव असेल तर याच धाग्यावर लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला सगळं एका जागी सापडेल.